करमाडचा फ्लॅट आणि नुसतं व्याज

बिल्डरच्या माणसानं दुसरा मजला दाखवला होता की तिसरा, हे मला आता नक्की आठवत नाही. बायको म्हणते तिसरा, म्हणजे बहुधा माझंच चुकत असेल.

तेव्हा आम्ही शहरात भाड्यानं राहत होतो. करमाडजवळ बांधकाम चाललेली एक इमारत बघायला गेलो. बिल्डरचा माणूस म्हणाला, "सर, ताबा मिळेपर्यंत कर्जाचं नुसतं व्याज भरा."

मी अर्थशास्त्र शिकवायचो, त्यामुळे लगेच घाबरलो. "पण मुद्दल तसंच राहील की!"

"मग आत्तापासून पूर्ण हप्ता भरा."

"आणि सध्याच्या घराचं भाडं कुठून देऊ?"

"मग भाड्यानंच ऱ्हावा, सर!"

"म्हणजे म्हातारपणी स्वतःचं घर नाही."

त्यानं बायकोकडे पाहिलं. "काकू, सर कॉलेजात पण असंच शिकवतात का हो?"

"घरी याहून जास्त," ती म्हणाली.

शेवटी तो काकुळतीला आला. "लई विचार करू नका. मी स्वतः घेतलाय की इथं!" आणि त्यानं खालूनच वरच्या एका मजल्याकडे बोट दाखवलं.

मी बायकोच्या कानात म्हणालो, "विकणारे सगळे हेच सांगतात." आम्ही परत आलो.

माझ्या निवृत्तीनंतर मुलीला जवळच्याच शेंद्र्याला नोकरी लागली, म्हणून त्याच इमारतीत भाड्याचं घर बघायला गेलो. दार बिल्डरच्या त्याच माणसानं उघडलं.

"या सर, या! ह्यात व्याज नाय, मुद्दल नाय. नुसतं भाडं!"

तो खरंच बोलला होता. मजलाही तिसराच होता. आता आम्ही तिथंच राहतो; लिफ्ट बंद पडली की मजल्याची पुन्हा खात्री होते.