खंडोबाचं काटेरी वांगं

मंडळी, एक सांगा — देवानं केलेलं वांगं माणसानं सुधारायचं, हे पुण्य की पाप? अहो, माना खाली घालू नका! परीक्षा घ्यायला आलो नाही मी. ऐका!

एका गावात खंडोबाची पूजा करणारी गुरवाची भागीरथीआजी होती. देवळामागं तिचं वांग्याचं एकच झाड. काटे असे, की शेळीसुद्धा लांबूनच नमस्कार करायची! फळ कडवट, बियांनी गच्च. पण चंपाषष्ठीला देवाला आजीचं भरीत त्याचंच. आणि सासूबाईंनी घालून दिलेला नेम — देवाचं बी कुणाला द्यायचं नाही!

बाकी गाव लावायचं जांभळं, गुळगुळीत वांगं. घरोघर तेच एक वाण! मग मर रोग आला. सकाळी टवटवीत झाड, संध्याकाळी मान टाकलेली! गाव हवालदिल झालं. आजीचं झाड मात्र ताठ.

शहरातून संशोधन करणाऱ्या मृणालबाई आल्या. "आजी, रोगाला तोंड द्यायची ताकद या झाडात आहे. मूठभर बी द्या."

"देवाचं आहे, बाई. मेले तरी देणार नाही!"

हसू नका, मंडळी. तुमच्या कपाटांना कुलपं किती, ते मला ठाऊक आहे!

चंपाषष्ठी उजाडली. गावातल्या बाया नैवेद्याची ताटं घेऊन आल्या. आजीनं विचारलं, "भरीत कुणाच्या मळ्यातलं गं?" कुणाच्याच नाही, सगळं बाजारातलं! आजीला भडभडून आलं. "मल्हारी, तुझ्या लेकरांचे मळे वाळले — आणि तुझं बी मी कोंडून बसले!" निरोप गेला, मृणालबाई धावत आल्या. भंडाऱ्याच्या हळदीत घोळून आजीनं बी त्यांच्या ओंजळीत घातलं.

बाईंनी काय केलं? काट्याच्या वांग्याची ताकद कुठल्या जनुकात आहे ते हुडकलं, आणि आपल्या जांभळ्या वांग्याच्या जनुकातला तेवढाच टाका उसवून तसा नीट घातला. बाकी अंगरखा तोच! पारखायला सहा वर्षं लागली, पण मळे उभे राहिले. आजीनं भरीत चाखलं — "अगं, चव आपलीच की!"

सरपंच म्हणाले, "आजी, आता हे काटेरी झाड काढू या. त्याचं काम झालं."

आजी उसळली! "आणि उद्या दुसरा रोग आला, तर ही मृणाल पोर बी मागायला कुणाच्या दारात जाईल?" टोपलीत काटेरी रोपं घेऊन म्हातारी घरोघर फिरली. बोटं रक्ताळली, पण प्रत्येकाच्या परसात एकेक रोप लावून घेतलं तिनं!

तर मंडळी, सुधारणं पाप नाही. ज्याच्या जोरावर सुधारायचं, तेच उपटून टाकणं — ते पाप! तुमच्या बांधावरचं काय काय गेलं, आठवतंय? आज प्रसादाला पेढा नाही. त्याच काटेरी वांग्याचं चिमूटभर बी आहे, हळदीत घोळलेलं. हात पुढं करा — आणि घरी जाऊन देव्हाऱ्यात ठेवाल, तर खबरदार! मातीत घाला!