फोन मोकळा हवा

दुकानदार: पण मास्तर, कॅमकॉर्डर हवाच कशाला? खिशात फोन आहे ना? आजकाल अख्खं जग फोनवरच व्हिडिओ काढतं.

मास्तर: फोन नको. फोन मोकळा लागतो.

दुकानदार: स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं सांगतोय हं. माझ्या शाळेच्या चड्ड्या शिवल्यात तुम्ही. तुम्हाला टोपी घालवत नाही मला.

मास्तर: कापड जरा वाढीव ठेवायचो. तुझी आई म्हणायची, पोरगा वाढणार आहे.

दुकानदार: वाढलो की! आडवा. बरं, काढायचंय काय?

मास्तर: काज कसं करायचं, कॉलर कशी बसवायची, उसवलेलं कसं शिवायचं. घरी ठेवायला, आणि ते इंटरनेटवर टाकायला. फक्त अंथरूण पाहून पाय पसरायचेत बाबा.

दुकानदार: मग हा मोठा गेला आत. हा छोटा बघा. फार भारी नाही, पण टाका न् टाका दिसेल. आणि इथे बाहेरचा माइक लावता येतो. तुमच्या मशीनच्या खडखडाटात बोलणं ऐकू यायला नको?

मास्तर: यायला हवं. बोलणंच तर पोचवायचंय.

दुकानदार: मग घ्या, लावला माइक. हे कापड धरा. लाल दिवा लागला, बोला.

मास्तर: हं... हे बघ, आधी खूण करायची, मग कापायचं. घाईनं कात्री चालवलीस की कापड गेलं. दोरा लांबच लांब ओवू नकोस, गुंता होतो. बोटाला टोचलं? टोचू दे. रडतेस काय एवढ्याला?

दुकानदार: बास बास, झकास! आवाज खणखणीत आलाय. पण मास्तर, हे बघा तुम्ही. सगळा वेळ मान डावीकडे, खाली. कॅमेऱ्यात एकदाही बघितलं नाहीत. तिकडे काय आहे?

मास्तर: स्टूल असतं तिथे.

दुकानदार: इथे कुठाय स्टूल?

मास्तर: इथे नाही रे. माझ्या दुकानात, मशीनच्या शेजारी. चिमी बसायची त्यावर, शाळेतून आली की. काज करायला लागलो की मान आपोआप तिकडे जाते.

दुकानदार: चिमी! केवढीशी होती. कुठे असते आता?

मास्तर: लांब. नोकरी आहे, घर आहे. आधी रोज फोन यायचा. मग रविवारचा रविवार. मग सवडीनं.

दुकानदार: आणि आता?

मास्तर: सवड नसेल. व्हिडिओ मात्र बघते म्हणे, जेवताना, झोपताना. म्हटलं, त्यात आपणही दिसावं कधीतरी.

दुकानदार: मग तुम्हीच लावा की फोन तिला.

मास्तर: लावतो. "बाबा, मीटिंगमध्ये आहे, मी करते," म्हणते. ती करते म्हटल्यावर आपण फोनवर व्हिडिओ काढत बसायचं, आणि नेमका तेव्हाच तिचा आला तर?

दुकानदार: ...खरंय. मास्तर, असं करा. स्टँड घेऊच नका. कॅमेरा त्या स्टुलावर ठेवा. मान तिकडे जाते ना, जाऊ दे. बघणाऱ्याला वाटेल, त्याच्याशीच बोलताय.

मास्तर: स्टुलावर? त्यावर मी काही ठेवत नाही. गिऱ्हाइकाची पिशवीसुद्धा नाही.

दुकानदार: तिच्यासाठीच तर ठेवायचाय.

मास्तर: हं. तिच्या डोळ्यांच्या उंचीला येईल बरोबर. बांध मग हा.

दुकानदार: बिलावर नंबर तोच ना, जुना?

मास्तर: तोच. बदललाच नाही. ए, एक काम कर. त्यावर एक फोन लाव बघू. मागे हातातून पडला होता माझ्या. तेव्हापासून वाजतो की नाही, शंका आहे मला. बिघडला असेल, म्हणून...

दुकानदार: लावतो, थांबा.

(मास्तरांच्या खिशात फोन वाजू लागतो.)

दुकानदार: अहो, चांगला दणक्यात वाजतोय! काही झालेलं नाही त्याला.

मास्तर: हो. वाजतोय.

दुकानदार: उचला तरी. माझ्याशी बोला दोन शब्द!

मास्तर: नको रे, ठेव आता. मोकळा राहू दे.