उपाशी मासे आणि माझा सल्ला

माझी विद्यार्थिनी सुजाता हिने मत्स्यविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, म्हणून तिच्या वडिलांची, भीमरावांची, समजूत घालायला धाड या त्यांच्या गावी मीच गेले होते. सकाळीच आम्ही त्यांच्या शेततळ्यावर उभे होतो.

"बाई, मासे पाळाले अजून दोन वर्सं कायले शिकाव लागते?" भीमराव म्हणाले.

तेवढ्यात मासे तोंडे उघडून पाण्यावर आले.

"उपाशी आहेत, खाद्य टाका," मी अधिकारवाणीने सांगितले.

सुजाताने वडिलांचा हात धरला. "नका टाकू, बाबा. त्यायले हवा कमी पडून राह्यली. मोटर लावा, पाणी वरून पडू द्या."

तासाभरात मासे खाली गेले.

"बाई, तुमचं ऐकलं असतं तं तळं गेलं असतं."

"म्हणूनच तिला पाठवा." विद्यार्थिनीने वेळेवर केलेल्या त्या दुरुस्तीबद्दल मी तिची ऋणी आहे.

सुजाताने शिकायला जावे आणि ती परतेपर्यंत तळ्याविषयी मी सल्ला देऊ नये, असे ठरले. भीमराव दोन्हींना "हाव" म्हणाले.