मान खाली घातलेला सेल

बॅटरीचे सेल बनवणाऱ्या कारखान्याच्या कचेरीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर तिनेच बनवलेली, साहेबांना दाखवायची चार खणांची छोटी डबी होती.

"साहेबांना काय सांगणार? पुन्हा म्हण."

"डबीत चार सेल. संपलेला सेल त्याच खणात उलटा ठेवायचा. चारही उलटे झाले की डबी दुकानात न्यायची, नवे भरून आणायचे. डबी फेकायचीच नाही!"

"उलटा का, विचारलं तर?"

"आमच्या मातोश्री संपलेले सेल नव्यांत मिसळतात आणि मग रिमोटला धपाटे घालतात, म्हणून!"

"आत माझं नाव काढलंस तर बघ! अगं, पण हे चारही नवेच?"

"अगं बाई, संपलेला आणायचाच राहिला! जाऊ दे, नवाच उलटा ठेवीन."

"आणि साहेबांनी तो टॉर्चमध्ये घालून पाहिला तर?"

"घाबरवू नकोस ना! किती वाजले?"

"मोबाईल फाटकावर जमा केलेत. भिंतीवर बघ. अकराला दहा कमी. अकराला बोलावलंय."

मी आलो तेव्हाही दहाच कमी होते. सांगावं की नको, यात माझा बराच वेळ गेला. माझंच चुकत असेल, असं वाटत होतं.

"ते घड्याळ... बहुधा बंद आहे," मी म्हणालो.

"बंद? आई, उशीर झाला!"

"होऊ दे! आधी त्या स्टुलावर चढ. घड्याळातला सेल काढ!"

"आई, तू म्हणजे ना!"

"नवा घाल त्यात. काटा हलला?"

"हलला! आणि हा संपलेला बघ, डबीत कसा मान खाली घालून बसलाय!"

"पळ आता. आणि ऐक, रिमोटचं सांग खुशाल."