माझ्यामागे आणखी एक

नाही मावशी, तुमचं बरोबरच आहे — रांगेत आल्या आल्या ‘शेवटचं कोण?’ म्हणून विचारलंत, मी हात वर केला, म्हणजे तुम्ही माझ्यामागे. पण मी म्हणतो, तुम्ही माझ्यापुढेच व्हा ना. ऊन किती आहे, आणि गुडघा दुखतोय तुमचा, दिसतंय मला. या, बसा या झाडाखाली. उभं राहून काय करायचंय? आपण कुणाच्या मागे ते लक्षात ठेवलं की झालं. तुम्ही त्या छत्रीवाल्या आजोबांच्या मागे, मी तुमच्या मागे. ठरलं.

दुकानात तेल येणार का? खरं सांगू? माहीत नाही. ट्रकला डिझेल मिळालं असेल तर निघाला असेल, निघून वाटेत बंद पडला नसेल तर येईल — आणि आला तरी त्यात तेल असेल की साबण, कुणी सांगावं! लिस्बेतनं — म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली, शिवणकाम करते — तिनं मंगळवारी हेच विचारलं, मी हेच सांगितलं, तर बाईनं जांभई दिली. आणि तो आमच्या शेजारचा ओस्निएल? ‘अकराला. तेल आणि कोंबडी, दोन्ही!’ जसा काही ट्रक ह्याच्या खिशातच आहे! आला का? नाही आला. लाइट रात्री येणार म्हणाला, आली का? नाही. बरं, दुसऱ्या दिवशी ती कुणाला विचारायला गेली? त्यालाच! मी खरं बोलतो, मावशी, आणि... जाऊ दे. हसताना दात तरी किती दाखवायचे त्यानं!

ती येईलच आता. आली की विचारील, आणि मी शेवटचा असलो की ती माझ्यामागे — मग संध्याकाळपर्यंत ट्रक नाही आला तरी चालेल! नाही, म्हणून नाही तुम्हाला पुढे घातलं... म्हणजे, तुमच्याआधीही दोघा-तिघांना घातलंय, पण —

मी! मी शेवटचा! हो रे ओस्निएल, ओरडू नकोस! — ऐकलंत? ‘मी तुझ्यामागे, आणि माझ्यामागे आणखी एक.’ आजीसाठी धरतो तो जागा, म्हातारी सावकाश येते. येऊ दे. आजीला मी पुढे घालीन, तिच्यासोबत त्यालाही घालीन, की पुन्हा मीच शेवटचा. ए ओस्निएल, आत्ताच जातोस का माझ्यापुढे? — नको म्हणतो. घाई नाही म्हणे. ह्याला कधीपासून घाई नाही?

ती बघा, आली. निळा फ्रॉक. माझे केस ठीक आहेत ना? आता विचारील बघा, इथपर्यंत ऐकू येतो तिचा आवाज...

विचारलंच नाही.

सरळ त्याच्याकडे गेली. सरकून जागा दिली त्यानं. आजीसाठी नव्हती ती जागा, मावशी.

मी? मला काय झालंय! तुम्ही बसा, अकराला येईल ट्रक, नक्की येईल. रांग सोडून निघताना मागच्याला सांगून जायचं असतं — तेवढं तुम्हीच सांगा त्याला, तो आता तुमच्यामागे. मला तेल नकोच होतं. घरी आहे.