पऱ्याकाठची जमीन कोणाची?

मिरजोळ्याहून रत्नागिरीला चाललेल्या एस.टी.त कुसुमताईंच्या मागच्या बाकावर दोन म्हातारे एकाच पुडीतले चणे खात बसले होते. दोघंही कोर्टाच्या तारखेला निघाले होते आणि खटला एकमेकांविरुद्धचाच होता, गावच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या जमिनीचा.

"परशुरामभाऊ, पऱ्याकाठची ती जमीन तुमचीच. आज जज्जसाहेबांना मीच सांगतो."

"आणि इतकी वर्षं ती तुझी होती ती कशी रे, वजीर?"

"नजरचूक झाली हो."

"नजरचूक कसली, नोटीस आली तुला! पुराची भिंत बांधायची तर ज्याची जमीन पऱ्याला लागते, त्याने फुटावर पैसे भरायचे."

"म्हणजे तुम्हालाही आली?"

"आली म्हणून तर जमीन तुला सोडायला निघालोय."

"नको हो! तुमच्या वाडवडिलांची ती."

"तुझा आजा तिथे नांगर धरायचा. या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"गेल्या तारखेला शपथेवर नाही म्हणालात!"

"तेव्हा मोतीबिंदू होता."

कुसुमताईंनी पदर तोंडात कोंबला.

"मग भिंत नको म्हणता?"

"नको कशी? गेल्या पावसात तुझ्या कोंबड्या पोहत माझ्या माजघरात आल्या."

"आणि तुमचा जेवायला बसायचा पाट तरंगत माझ्या पडवीत. मग असं करू, अर्धे अर्धे भरू नि खटला मिटवू."

"मिटला!"

"अल्लाची मेहरबानी."

"आणि तिथला कापा फणस?"

"तो माझा."

"तुझा? माझ्या बापाने लावलेला!"

"माझ्या आजाने!"

"कोर्ट, कोर्ट! कोण उतरतंय?" कंडक्टर ओरडला.

"ऊठ वजीर, कोर्ट आलं. आणि ते उरलेले चणे परतीला ठेव."