अकरा खुंटांना तेल

माजा जन्म नवघरचा, भाईंदरच्या पूर्वेला, तवा तिथं नुसती भाताची शेतं नि मिठागरं, मिठाच्या पांढऱ्या राशी उन्हात अशा चमकायच्या का डोळे बारीक करून चालावं लागायचं, नि माज्या बापाच्या टाचांना मिठानं एवढ्या भेगा का आई रोज संध्याकाळी त्यात मेण भरायची. झाड म्हंजे काय ते मला लग्नापर्यंत ठाव नव्हतं असं बोललं तरी चालंल, आमच्याकडं व्हती ती खाडीकाठची, ठेंगणी, चिखलात पाय रोवून उभी. लगीन होऊन मी चेण्याला आली, घोडबंदरच्या रस्त्यावर, नि तिथं घराच्या मागल्या दारातनं डोंगरच सुरू, साग, ऐन, करवंदीच्या जाळ्या, खाली ओढा. सासू बोलली, घाबरू नको, जंगल कोणाला खात न्हाय. खरं बोलली ती. जंगलानं न्हाय खाल्लं आमाला.

माज्या घरवाल्याचं नाव घेऊ ने, पण तुमाला लिवायला पायजे म्हनून घेते, गजानन. शेत व्हतं आमचं थोडं, पण त्याचा जीव सगळा डोंगरात. कुठल्या झऱ्यावर कधी हरणं येतात, बिबट्या कुठल्या दगडावर ऊन खात बसतो, कुठला पक्षी ओरडला का पाऊस लांबला, सगळं त्याला पाठ. मंग सरकारनं ते जंगल राखीव केलं, पार्क बोलायचे, लोकांनी बघायला यावं म्हनून. गावात काय लोक रडले, आमचं सरपण गेलं, आमची गुरं कुठं चरायची, पण गजाननला राखणदाराची नोकरी लागली नि त्याला वाटलं का हे सगळं डोंगर आपल्याच नावावर झालं. खाकी सदरा मिळाला त्याला, तो मी दगडावर न्हाय आपटायची, हातानं चोळायची, फाटंल म्हनून.

रविवारचे लोक यायला लागले, गिरगावातनं, दादरवरनं, पोरंबाळं, डबे घेऊन, ओढ्यात डुंबायचे. मी वाटेवर टोपली मांडून बसायची, करवंदं पानाच्या द्रोणात, जांभळं, ताक. बाया इचारायच्या, ए बाई, वाघ कुठं दिसतो गं. गजानन त्यांना सांगायचा, आधी तुमी गप बसा, मंग तो दिसंल. हसायच्या त्या. कोणी इथनं पुढं उत्तनचा समुद्र बघायला जायाचे, तिथल्या चौक गावापर्यंत जायाचे, पण बरेच जण दुसऱ्या खेपेला परत आमच्याकडंच यायचे. बरे दिवस व्हते, खरंच सांगते.

तर मंग तो आला. नवा फॉरेस्टर, राखणदारांच्या वरचा साहेब. नाव त्याचं मी तोंडात घेत न्हाय, गावात आमी त्याला बूटवाला बोलायचो, कारण घरात आला तरी बूट काढायचा न्हाय, सारवलेल्या जमिनीवर तसाच. त्याच्याकडं एक हातोडा व्हता, सरकारी. तुमाला म्हायती हाय का? सरकारी परवान्यानं झाड तोडलं का त्या हातोड्यानं शिक्का ठोकतात, ओंडक्यावर एक नि जमिनीत राहिलेल्या खुंटावर एक. शिक्का असला का नाक्यावर लाकूड अडवत न्हाईत. तो हातोडा पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली बूटवाल्याच्या कमरेला. दुसऱ्या कोणाला हात लावायची सोय नव्हती.

एक दिवस गजानन दुपारचा घरी आला, जेवला न्हाय. बोलला, पलीकडच्या खोऱ्यात बांबूच्या बेटामागं कोणीतरी जुने साग पाडलेत. मी बोलली, तू बघितलं न्हाय असं कर. तो बोलला, मंग सदरा कशाला घालतो मी. गेला नि बूटवाल्याला सांगितलं, साहेब, चोरी होतेय. बूटवाला बोलला, बरं केलंस सांगितलंस, आता दुसऱ्या कोणाला बोलू नकोस, मी बघतो.

चौथ्या दिवशी त्यानं बघितलं. सकाळी चार माणसं घेऊन आला, सरळ आमच्या मागल्या दारी गेला, पेंढ्याच्या उडवीत हात घातला, जसं त्याला आधीच ठाव व्हतं, नि सागाचा ओंडका बाहेर काढला. गजाननचं तोंड असं झालं का आजपन डोळ्यासमोर हाय. तो बोलला, साहेब, मीच तर तुमाला सांगितलं. बूटवाल्यानं त्याच्या कानशिलात मारली, मंग परत त्याच कानावर, मंग परत. खाकी सदरा अंगातनं ओढून काढला नि तो ओंडका त्याच्या उघड्या खांद्यावर देऊन गावातनं चालवला. रविवार व्हता. ते गिरगाव-दादरचे लोक वाटेवर उभे, पोरांना बोट दाखवून सांगतायत, बघ, चोर बघ. तोच मानूस व्हता तो, ज्यानं त्यांच्या पोरांना हरणं दाखवलेली.

अंगठा घेतला त्याचा कागदावर, मारून घेतला. सा महिने आत राहिला. परत आला तवा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, नि डोंगराकडं तोंड करून बसायचा न्हाय. ओटीवर बसला तरी रस्त्याकडं तोंड. मी काय करू सांगा. चौकीवर गेली, बोलले, बाई, त्यानं कबूल केलंय, जा घरी. गावातले बोलले, विसर आता, सरकारशी कोण भांडतं. विसर! तुमी विसरला असता?

तो आत असताना मी सरपणाला गेली त्या खोऱ्यात, मुद्दाम गेली, बांबूच्या बेटामागं. अकरा खुंट. एका खुंटावर बसून मी रडली, नि रडता रडता हात टेकला तर हाताला काय तरी लागलं. पाला बाजूला केला. शिक्का. दुसरा बघितला, त्याच्यावर पन. अकराच्या अकरांवर. मला अक्षर येत न्हाय, पण तो शिक्का मी गजाननबरोबर सरकारी लाकडाच्या डेपोत बघितलेला, नि त्याच्या कडेला एक दात व्हता, हातोड्याची कड कुठं तरी तुटलेली, ती पन तशीच उमटलेली. म्हंजे बघा, गजाननवर आळ आला का त्यानं हे साग चोरले, नि सागांवर शिक्का त्या हातोड्याचा, जो बूटवाल्याच्या कुलपात. शिक्का मारल्याबिगर नाक्यावरनं लाकूड गेलंच नसतं ना. घाईत त्याच्या माणसांनी खुंटांवर पन ठोकला असंल, सवय हाताची. त्या दिवशी माजं रडणं थांबलं. ते परत आलं न्हाय.

कोणाला बोलली न्हाय मी. नवऱ्याला पन न्हाय. अर्ज केला असता तर फिरून फिरून तो त्याच्याच टेबलावर आला असता, नि दुसऱ्या दिवशी त्यानं खुंट जाळले असते. म्हनून मी ते झाकले, माती, पाला, वरनं काटे. पण लाकूडच ते, पावसात कुजणार, वाळवी लागणार, शिक्का जाणार. मंग मी काय केलं सांगू? चौक गावच्या कोळणी सुकी मासळी घेऊन यायच्या, त्यांच्याकडनं माशाचं तेल मागवलं, होडीला लावतात ना लाकूड टिकावं म्हनून, ते. त्या इचारायच्या, अगो, तुज्या घरी कुठं होडी हाय? मी बोलायची, गुडघे दुखतात. पावसाळा संपला का जायाची, शेवाळ खरवडायची, तेल चोळायची, परत झाकायची. लोक देवाला तेल घालतात, मी अकरा खुंटांना घालायची. चार वर्सं. हाताचा वास जायाचा न्हाय, नि मला तो जावा असं वाटायचंच न्हाय. बूटवाला वाटेनं जाताना माज्या टोपलीतली जांभळं उचलून खायचा, इचारायचा पन न्हाय. मी बोलायची, घ्या साहेब, अजून घ्या.

मंग एक बाई यायला लागल्या, मुंबईच्या कॉलेजात शिकवायच्या, झाडांचं, मुलींना घेऊन यायच्या, पानं गोळा करायच्या. गजाननकडनं ऐकून ऐकून मला जी नावं ठाव व्हती ती मी त्यांना सांगायची, त्या वहीत लिवायच्या. दोन वर्सं मी त्यांना नुसती बघितली. मानूस खरा हाय का न्हाय ते बघितलं. मंग एक दिवस बोलली, बाई, तुमाला एक झाड दाखवते, पण ते उभं न्हाय.

त्यांनी शिक्का वाचला, चष्मा काढून वाचला. मंग बोलल्या, हिराबाई, आपण अर्ज करू. मी बोलली, न्हाय. तुमी वरचा साहेब इथं आणा. त्याच्या पायांनी आणा.

त्याच थंडीत पाहुण्यांसाठी नवी पायवाट केली, ती बघायला मोठे साहेब येणार व्हते, बाईंना पन बोलावणं. बूटवाल्यानं वाट झाडून घेतली, दगडांना चुना फासला. साहेब, बाई, मुली, चार गाववाले, नि मी मागं पाण्याचा हंडा घेऊन. वाट फुटते तिथं बूटवाला बोलला, साहेब, डावीकडनं. बाई बोलल्या, साहेब, उजवीकडं एक दुर्मीळ वेल हाय, हिराबाईंना जागा म्हायती हाय. बूटवाला बोलला, तिकडं वाट न्हाय. मी बोलली, हाय, मी पाडलीय.

बांबूच्या मागं मी हंडा खाली ठेवला नि काटे बाजूला करायला लागली, एकेक. पहिला खुंट निघाला तसे साहेब गुडघ्यावर बसले, रुमालानं पुसला. बोलले, हा शिक्का कोणाचा? बूटवाला बोलला, साहेब, हातोडा चोरीला गेला व्हता मागं. साहेब बोलले, चोरीची नोंद दाखवा. ती नव्हतीच. साहेब बोलले, हातोडा मागवा. बूटवाल्याला कमरेची किल्ली काढून द्यायला लागली, मानूस ती घेऊन धावत गेला. हातोडा आला, साहेब बूटवाल्याला बोलले, मारा, या शिक्क्याच्या शेजारी, तुमीच मारा.

मारला त्यानं. जुन्या शिक्क्याच्या शेजारी नवा, नि कडेचा तो दात, दोन्हीकडं सारखा. मी त्याच्याकडं बघितलं, नि तो माज्याकडं. चार वर्सं मी ठरवलेलं का त्या वेळेला अमुक बोलीन, तमुक बोलीन. पण जांभळांचे दिवस नव्हते तरी त्याला नुसतं बोलली, साहेब, जांभळं घ्या.

चौकशी लागली, माजी जबानी व्हायची व्हती, नि त्याच्या आदल्या आठवड्यात बूटवाल्याची बायको आली. बरोबर दोन पोरी, एक कडेवर. उन्हातनं आलेली, ओटीच्या खाली उभी राहिली. बोलली, ताई, तुमी जबानी दिली न्हाय तर ते वाचतील, या पोरींचं काय हो. मी तिला वर घेतलं. भात वाढला, बोंबलाचं कालवण वाढलं, धाकटीला मी माज्या हातानं भरवलं. जेवण झाल्यावर तिनं परत इचारलं. मी बोलली, बाय, तू कधी पन ये, पोरींना घेऊन ये, या घरात तुला जेवण हाय. पण जबानी मी देणार. ती रडली न्हाय. हात धुतले नि गेली. लोक मला अजून इचारतात, तुला दया न्हाय आली? आली ना. तिची आली. त्याची कशाला येईल?

नोकरी गेली त्याची, खटला झाला, शिक्षा झाली. नेला त्या दिवशी मी चांगलं लुगडं नेसून घोडबंदरच्या रस्त्यावर जाऊन बसली, टोपली न्हाय काय न्हाय, नुसती बघायला. गजाननवरचा आळ काढल्याचा कागद आला, बाईंनी वाचून दाखवला, तो बोलला, परत वाचा, या कानाकडनं. दोनदा ऐकला नि पेटीत ठेवला. नोकरी परत देत व्हते, घेतली न्हाय. मला फक्त एवढं बोलला, चार वर्सं तू मला सांगितलं न्हायस. ते त्याला लागलंय, अजून लागलंय, मला कळतं. पण त्याला सांगितलं असतं तर तो बोलला असता, सोड. नि मी सोडणार नव्हती.

आता हे असं हाय. मी वाटेवर बसते, लोक येतात, पोरं येतात, तुमी पन जा वर, सकाळचं जा, गप चाला, ओढ्याकाठी बसा, लय सुंदर हाय. तो सुटला असं ऐकते, कुठं तरी खोली घेऊन राहतो, आजारी असतो. त्याच्या पोरींचं भलं होवो, त्यांना चांगली घरं मिळोत, हे मी मनापासनं बोलते, लिवा तुमी. नि त्याला पन माजा आशीर्वाद लिवा. देव त्याला लांब आयुष्य देवो, शंभर वर्सं देवो, नि डोकं शेवटपर्यंत शाबूत ठेवो, म्हंजे त्याला रोज सगळं आठवंल.